खारा वारा आणि घरातली वीज

खाऱ्या वाऱ्याने पत्रे, खिळे, कड्या गंजतात, हे कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. तोच वारा स्विचबोर्डातही शिरतो. मिठाचे कण हवेतला ओलावा धरून ठेवतात, तारांच्या जोडांवर गंज चढतो, तिथला विद्युतरोध वाढतो आणि जोड तापू लागतो. प्लग गरम लागणे, जळकट वास येणे ही त्याची लक्षणे.

धोका आगीपुरताच नाही. एमसीबी बसवला की शॉकची भीती गेली, असे अनेकांना वाटते. पण एमसीबी वायरिंगला जपतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह वाहिल्यावरच ट्रिप होतो. जिवावर बेतायला मात्र अँपिअरचा छोटा अंशही पुरतो. म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत फरक पडला, म्हणजेच वीज कुठेतरी गळू लागली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो.

तरीही अर्थिंगला पर्याय नाही. लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगमध्ये अनेकदा अर्थिंगची तारच नसते. शिवाय जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की असलेले अर्थिंगही कमजोर होते. म्हणून परवानाधारक वायरमनकडून ते उन्हाळ्यातच मोजून घ्या आणि गंजलेले जोड पावसाआधी बदला. आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. तो पावसाळ्यात वारंवार ट्रिप होत असेल, तर वैतागून काढून टाकू नका. आधी गळती शोधा.