मानाउसचं बोलावणं

"सहा बसले की ओ मॅडम!" २६ नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी बुटांच्या नाड्या बांधायच्या आधीच माझ्या गोलकीपर पोरीनं बातमी दिली. ब्राझील ६, भारत १. तिच्या चेहऱ्यावर असं दुःख, जणू सहाही गोल तिच्याच हातांखालून गेले होते.

मी कोल्हापुरात मुलींना फुटबॉल शिकवते. वर्ल्ड कप आला की आमच्या पेठांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पाटाकडील तालीम भारी की खंडोबा तालीम यावर एका ताटात जेवणारी भावंडं अबोला धरतात. पण भारताच्या मुली थेट ब्राझीलमध्ये जाऊन ब्राझीलशी खेळल्या, हे त्या दिवशी गल्लीत कुणाच्या गावीही नव्हतं.

हा सामना निमंत्रितांच्या स्पर्धेतला. अशी स्पर्धा कशी असते हे कबड्डी पाहणाऱ्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. पात्रता फेरी नाही. यजमान बोलावतो, पाहुणे येतात. राष्ट्रीय संघांसाठी फिफा वर्षातले काही दिवस राखून ठेवते आणि त्या दिवसांत क्लबांना आपल्या खेळाडू सोडाव्या लागतात. अशा स्पर्धा बहुधा तेव्हाच उरकतात. पोर्तुगालमधला अल्गार्व्ह कप १९९४ पासूनचा, त्यातला जुना आणि मानाचा. ब्राझीलनं आपली स्पर्धा २००९ मध्ये साओ पाउलोत सुरू केली. २०२१ मध्ये ती अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या मानाउस शहरात झाली. २०१४ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपसाठी बांधलेलं तिथलं स्टेडियम बाहेरून विणलेल्या टोपलीसारखं दिसतं. संघ चार: ब्राझील, चिली, व्हेनेझुएला आणि भारत. प्रत्येकाचे तीन सामने.

जानेवारीत आशियाई करंडक आपल्याच मुंबई, नवी मुंबई, पुण्यात व्हायचा होता. त्याआधी आपल्यापेक्षा तगड्या संघांशी खेळायला मिळणं आपल्याला हवंच होतं. क्रमवारीत ब्राझील सातवा, आपण सत्तावन्नावे. गंमत म्हणजे दोन्ही बाकांवर प्रशिक्षक स्वीडनचेच. आपले थॉमस डेनरबी, त्यांच्या पिया सुंडहागे. स्वीडनच्या संघाची जबाबदारी २०१२ मध्ये डेनरबींकडून सुंडहागेंकडेच गेली होती.

पहिल्याच मिनिटाला ब्राझीलच्या डेबिन्यानं गोल केला. इथं बहुतेक संघांचे खांदे पडतात. आठव्या मिनिटाला पंजाबच्या मनीषा कल्याणनं बरोबरी केली. मी ती क्लिप पोरींना चार वेळा दाखवली. पाचव्यांदा त्यांनीच मागितली. मध्यंतराला २-१ होतं. उरलेले चार गोल नंतर बसले, आणि ते का बसले यावर माझं मत ठाम आहे: दम. असा वेग नव्वद मिनिटं सोसायचा सराव घरच्या मैदानावर होत नाही. तो अंगावर घ्यावा लागतो, तोही वरचेवर. पुढे चिलीनं ३-० आणि व्हेनेझुएलानं २-१ असं हरवलं. हे आकडे एका ओळीत लिहून बघा म्हटलं पोरींना. सहा, तीन, दोन. "कमी कमी होत गेले की!" गोलकीपर म्हणाली. प्रतिस्पर्धीही बदलत गेले होते, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

ब्राझील-भारत सामन्याच्या रात्री मानाउसचे प्रेक्षक खरं तर आले होते फॉर्मिगाला निरोप द्यायला. फॉर्मिगा म्हणजे मुंगी. मैदानभर राबणारी म्हणून हे नाव पडलं. वय ४३, सात वर्ल्ड कप, सात ऑलिंपिक. तिचा जन्म १९७८ चा. तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानंच बंदी होती! १९४१ साली आलेली ती बंदी १९७९ मध्ये उठली. उत्तरार्धात फॉर्मिगा बदली खेळाडू म्हणून उतरली, आणि तिच्या शेवटच्या सामन्यात समोर आपल्या मुली होत्या.

पुढचं दुखरं आहे, थोडक्यात सांगते. आशियाई करंडकात २० जानेवारीला नवी मुंबईत इराणशी ०-० झालं. २३ तारखेला चायनीज तैपेईसमोर उभं राहायला कोरोनामुळं तेरा खेळाडूही उरल्या नाहीत. घरच्या स्पर्धेतून संघ बाद. मनीषा मात्र त्याच वर्षी सायप्रसच्या अपोलोन क्लबकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. तिथं खेळणारी ती पहिली भारतीय. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुर्कस्तानातल्या अलान्याला अशाच बोलावण्यावर भारत गेला आणि एस्टोनियाला ४-३ नं हरवून आला. त्यातले दोन गोल मनीषाचे.

आता आम्हीही निमंत्रितांची स्पर्धा घेतोय. चार संघ, प्रत्येकी तीन सामने, पोहे आणि पाण्याचे जार आमच्याकडून. मिरजेचा संघ नको म्हणून दोघी अडून बसल्यात. गेल्या खेपेला तो आम्हाला पाच गोल घालून गेला होता. मिरजेला पत्र मी कालच टाकलंय.