दोन आसनांची मोटार : वंश चालणार कीं खुंटणार?

मोटारीचे दोन प्रकार सामान्य माणसास ठाऊक असतात. एक घरची आणि दुसरी भाड्याची. यांखेरीज तिसरा एक प्रकार जगांत आहे. तींत बसावयास जागा बहुधा दोनच; सामानास जेमतेम एक पिशवी मावेल एवढी सोय; बूड जमिनीस टेकेल इतकें खालीं; आणि किंमत मात्र एखाद्या घराएवढी. तिला स्पोर्ट्स मोटार म्हणतात. उपयोगाच्या तराजूंत घातली तर ती हलकी भरते. तरी मोटारी आंखणाऱ्या एंजिनियरांचीं मनें पिढ्यान्‌पिढ्या तिनेंच ओढून घेतलीं आहेत. ही गाडी आतां राहणार कीं जाणार, असा प्रश्न सध्यां जगभर विचारला जात आहे. आणि त्या प्रश्नाचा एक धागा थेट मुंबई-पुण्यापर्यंत येऊन पोहोंचत असल्यामुळें त्याचा विचार येथें करावयाचा आहे.

हा लेख लिहिला जात आहे तो हिंगोली जिल्ह्यांतील डोंगरकडा येथें. भोंवतालीं हळदीचीं व केळीचीं शेतें, रस्त्यावर ट्रॅक्टरांची व मालमोटारींची वर्दळ, आणि गांवोगांव आडवे पडलेले गतिरोधक. अशा ठिकाणीं जमिनीपासून चार बोटें उंच असलेली गाडी पहिल्या फर्लांगांतच अडून बसेल. तेव्हां ‘आम्हांस या उठाठेवीचें काय?’ असें एखाद्या वडील माणसानें विचारल्यास त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु प्रश्न गाडी विकत घेण्याचा नाहींच. मराठवाड्यांतील कितीतरी घरांतून आज मुलगे व मुली यंत्रशास्त्र शिकतात आणि पुढें पुण्यास नाहीं तर छत्रपति संभाजीनगरास जातात. तेथील शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत स्कोडा मोटारींचा कारखाना २००१ सालीं सुरू झाला. पिंपरी-चिंचवड व चाकण यांची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. या मुलांच्या हातांस काम मिळेल. त्यांच्या डोक्यास मिळेल काय, हा खरा प्रश्न आहे. परक्यानें आंखलेली गाडी जुळविणें निराळें आणि कोऱ्या कागदावर स्वतःची गाडी आंखणें निराळें. स्पोर्ट्स मोटार ही या दुसऱ्या विद्येची कसोटी समजली जाते.

तसें समजण्यास आधारही आहे. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत जग्वार कंपनीच्या सी-टाइप गाडीनें जिंकली. त्या गाडीच्या चाकांस नेहमींच्या ढोलासारख्या ब्रेकांऐवजीं उघड्या तबकडीस दोहों बाजूंनीं चिमटीत धरणारे ब्रेक बसविलेले होते. ढोलाचा ब्रेक आंतल्या आंत तापून दुबळा होतो. तबकडी वाऱ्यावर असल्यामुळें लवकर निवते, आणि म्हणून चालकास वळणावर शेवटच्या क्षणापर्यंत ब्रेक लांबवितां येतो. शर्यतींत गाजलेला तो डिस्क ब्रेक आज आपल्या गल्लींतील मोटारसायकलीच्या पुढच्या चाकावर दिसतो. श्रीमंतांच्या खेळण्यासाठीं झिजविलेली बुद्धि अशा रीतीनें कांहीं वर्षांनीं गरिबाच्या जिवाचें रक्षण करावयास येते.

या जग्वार कंपनीचाच प्रश्न आज आपल्या दाराशीं आला आहे. विल्यम लायन्स व विल्यम वॉम्स्ली या दोघां तरुणांनीं १९२२ सालीं इंग्लंडांतील ब्लॅकपूल येथें मोटारसायकलीस जोडावयाच्या साइडकार करण्याचा धंदा काढला. त्यांतून ही कंपनी वाढली. १९४८ मध्यें तिची एक्सके १२० ही गाडी लंडनच्या प्रदर्शनांत आली आणि स्पोर्ट्स मोटारींच्या एका घराण्याचा पाया पडला. १९६१ सालीं जिनीव्हा येथें दाखविलेली ई-टाइप ही त्या घराण्यांतील सर्वांत देखणी कन्या. ती १९७४ पर्यंत निघाली. एकूण सुमारें ७२ हजार गाड्या झाल्या. त्यानंतर तिचें नांव सांगणारी वारस येण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. मध्यंतरीं २००८ सालीं फोर्ड कंपनीकडून टाटा मोटर्सनें जग्वार व लँड रोव्हर हे दोन्ही कारखाने २.३ अब्ज डॉलरांस विकत घेतले होते. म्हणून २०१२ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत जी एफ-टाइप पुढें आली, तिचें माहेर इंग्लंडांत असलें तरी तिचा कुटुंबप्रमुख मुंबईस होता!

एफ-टाइप २०२४ मध्यें बंद झाली. विशेष हें कीं ती ई-टाइपपेक्षां कमी खपली म्हणून बंद झाली, असें म्हणतां येत नाहीं. अकरा वर्षांत सुमारें ८७ हजार गाड्या निघाल्या, म्हणजे आजीपेक्षां नातीची संख्या अधिकच. पण काळ पालटला होता. श्रीमंत गिऱ्हाइकाची आवड उंच, अवजड, जीपच्या धर्तीच्या गाड्यांकडे वळली. युरोपांत धुराचे नियम कडक होत गेले. आणि फेब्रुवारी २०२१ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं जग्वार यापुढें सर्वस्वीं विजेवर चालणारी होईल. डिसेंबर २०२४ मध्यें अमेरिकेंतील मायामी येथें ‘टाइप झिरो झिरो’ या नांवाचा नमुना दाखविण्यांत आला. तो दोन दारांचा होता. परंतु त्याच्या मागून विक्रीस यावयाची म्हणून जी गाडी सांगितली गेली, ती चार दारांची. म्हणजे दोन आसनांच्या त्या जुन्या गादीवर तूर्त कोणीच बसलेलें नाहीं. सिंहासन रिकामें आहे आणि वारस कोण, याविषयीं तर्क चालू आहेत.

गादी भरली जाईल किंवा नाहीं हें ठरविण्यापूर्वीं आपल्याकडे काय घडलें तें पाहिलें पाहिजे. कारण या गाडीचें बीं आपल्या मातींतही तीनदां पेरून पाहण्यांत आलें आहे. पहिला प्रयत्न गोमंतकांतला. विसाव्या शतकाच्या अखेरीस वेर्णे येथें सॅन मोटर्सनें ‘स्टॉर्म’ नांवाची, वरचें छत काढतां येणारी छोटी गाडी केली. तिचें अंग फायबरचें आणि एंजिन रेनोचें, अवघ्या ६० अश्वशक्तीचें होतें. दुसरा प्रयत्न पुण्याकडचा. दिलीप छाब्रिया यांच्या डीसी कंपनीनें ‘अवंती’ ही गाडी २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडली. हिचेंही एंजिन रेनोचें, पण दोन लिटरचें व सुमारें २५० अश्वशक्तीचें. तें चालकाच्या पाठीमागें बसविलेलें होतें. तिसरा प्रयत्न खुद्द टाटा मोटर्सचा. मार्च २०१७ मध्यें जिनीव्हा येथें त्यांनीं ‘रेसमो’ दाखविली : चार मीटरांच्या आंत लांबी, १.२ लिटरचें एंजिन, सुमारें १९० अश्वशक्ति, आणि उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरांचा वेग सहा सेकंदांच्या आंत. पाहणारांनीं तोंडांत बोट घातलें. पण रेसमो विक्रीस आलीच नाहीं. स्टॉर्म व अवंती या दोघी रस्त्यावर आल्या खऱ्या, पण थोड्या आल्या आणि लवकरच दिसेनाशा झाल्या.

या तिन्ही गाड्यांची पत्रिका कां जुळली नाहीं? दैवास दोष देण्याचें कारण नाहीं. हिशेब साधा आहे. मोटारीचें पोलादी अंग ठोकण्यास जे प्रचंड सांचे लागतात त्यांची किंमत भयंकर असते. लक्षावधि गाड्या काढल्या तर ती किंमत वांटली जाऊन प्रत्येक गाडीवर थोडीशीच पडते. शे-दोनशें गाड्यांवर वांटली तर गाडी कोणासच परवडत नाहीं. म्हणून लहान कारखानदार फायबरची वाट धरतो. त्यांत सांचा स्वस्त पडतो, पण हाताचें काम वाढतें आणि प्रत्येक गाडी सारखी उतरण्याची शाश्वति कमी होते. टाटांनीं रेसमोसाठीं निरनिराळ्या पदार्थांचे थर एकत्र आणून हलका सांगाडा करण्याची नवी पद्धति योजिली होती, ती हीच अडचण टाळण्यासाठीं. परंतु सांगाड्याची युक्ति साधली तरी गिऱ्हाइकाची संख्या युक्तीनें वाढत नाहीं.

आणि गिऱ्हाइकाचें मूळ आपल्या घरांत आहे. पाश्चात्य देशांत मोटार ही पुष्कळदां एका माणसाची असते. आपल्याकडे ती घराची असते. ज्या कुटुंबांत आजोबांस दवाखान्यांत न्यावयाचें, सुनेस माहेरीं पोंचवावयाचें, तीन नातवंडांस शाळेंत सोडावयाचें आणि सणास कुलदैवताच्या दर्शनास जावयाचें, तेथें दोन आसनांच्या गाडीचा ठराव मांडण्याचें धाडस कोण करील? मांडलाच तर ‘उरलेल्या नऊ जणांनीं काय मागून चालत यावें?’ हा एकच प्रश्न त्यास बुडवावयास पुरे आहे. यांत विनोद असला तरी तो धंद्याचा पहिला नियमही आहे. ज्यांच्या घरीं दोन-तीन गाड्या आधींच आहेत, अशांनाच ही चौथी गाडी घेतां येते; आणि अशीं घरें मोजकींच.

तथापि वंश टिकविण्याची कला जगांत कोणास साधलीच नाहीं असें नव्हे. जपानांतील माझ्दा कंपनीनें १९८९ सालीं एमएक्स-५ ही दोन आसनांची छोटी गाडी काढली. २०१६ मध्यें तिची दहा लाखावी प्रत निघाली. तिचें रहस्य असें कीं तिचें एंजिन अगदीं निराळें न करतां कंपनीच्या साध्या गाड्यांच्या एंजिनाच्या कुळांतूनच घेतलें आणि मोठ्या शक्तीऐवजीं हलकेपणावर भर दिला. जर्मनीची पोर्शे ९११ ही १९६३ सालीं प्रथम लोकांपुढें आली, ती आजही चालू आहे. आणि मौजेची गोष्ट ही कीं तिच्यांत मागें मुलांपुरतीं दोन लहान आसनें आहेत. कुटुंबास थोडीशी जागा करून देणारी गाडी साठ वर्षें टिकली, यांत आपल्या दृष्टीनें घेण्यासारखा बोध आहे.

आतां विजेनें या खेळाचे नियमच बदलले आहेत. महिंद्र समूहानें २०१५ मध्यें इटलींतील प्रसिद्ध पिनिनफारिना ही आरेखन-संस्था घेण्याचा करार केला. त्यांतून ‘बॅटिस्टा’ ही विजेची गाडी २०१९ सालीं जगापुढें आली. तिची शक्ति सुमारें १,९०० अश्वांची आणि संख्या १५० हून अधिक काढावयाची नाहीं असा संकल्प. मुंबईच्या मालकीचें एवढें वेगवान वाहन पूर्वीं झालें नव्हतें. परंतु विजेनें वेग स्वस्त केला आहे, हीच स्पोर्ट्स मोटारीची नवी अडचण होय. साधी विजेची घरगुती गाडीही आतां सिग्नल सुटतांच झेंप घेते. मग निव्वळ वेगासाठीं निराळी गाडी कोण घेईल? शिवाय बॅटरीचें ओझें शेंकडों किलोंचें. हलकेपणा हाच ज्या जातीचा गुण, तिला तें कसें मानवावें? पोर्शेसारख्या मातबर कंपनीनेंही सप्टेंबर २०२५ मध्यें आपल्या विजेच्या बेतांस मुरड घालून पेट्रोलच्या एंजिनास अधिक दिवस देण्याचें ठरविलें. जाणत्यांचींही पाउलें येथें अडखळत आहेत.

तर मग भविष्य काय? आमचा तर्क असा. जग्वारच्या गादीवर दोन आसनांची गाडी लगेच बसेल असें वाटत नाहीं. आधीं चार दारांच्या गाडीनें घर सांवरलें पाहिजे. घर सांवरलें तर मुलाच्या हौसेचा विचार. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कंपनीचीं सूत्रें पी. बी. बालाजी यांच्याकडे आलीं आहेत. ते टाटा मोटर्सचे हिशेब पाहिलेले गृहस्थ. आणि हिशेबनीस मनुष्य हौसेस नकार देत नाहीं, पण तारीख पुढची देतो. मात्र नांवें मरत नाहींत. टाटांची १९९१ सालची ‘सिएरा’ कित्येक वर्षें विस्मृतींत गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्यें ती नव्या रूपानें परत आली. एफ-टाइपचें नांव असेंच कपाटांत जपून ठेवलेलें आहे, असें समजावयास हरकत नाहीं.

आपल्या भूमीवरील गाडीविषयीं आम्ही अधिक आशावादी आहों. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. चार मीटरांच्या आंतील व १,२०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या पेट्रोल एंजिनाच्या गाडीस आतां १८ टक्के, तर मोठ्या गाडीस ४० टक्के कर आहे. रेसमोचें माप आठवून पाहा. ती या लहान गाड्यांच्या पंक्तींत बसण्याजोगी होती! छोटी, हलकी, घरच्याच एंजिनावर चालणारी आणि मागें दोन लहान मुलें बसतील एवढी जागा असलेली गाडी आपल्याकडे निघाली, तर ती चैनीची वस्तु न ठरतां तरुणांची हौस व कारखान्याची शाळा अशीं दोन्ही कामें करील. चांचणीची सोयही आतां घरचीच आहे. इंदूरजवळ पीथमपूर येथें ११.३ किलोमीटरांची वेगाची धांवपट्टी २०२१ सालीं खुली झाली असून आपली गाडी तपासण्यास कोणी जर्मनीस नेली पाहिजे असें राहिलेलें नाहीं.

वेगाची खरी जागा तीच, हेंही जातां जातां सांगितलें पाहिजे. आमच्या शेजारच्या वाशीम जिल्ह्यांतून जाणारा समृद्धि महामार्ग जून २०२५ मध्यें मुंबईच्या बाजूपर्यंत पुरा झाला, आणि तेथील वेगाची मर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. मोटारीची अश्वशक्ति कितीही असली तरी ती तिच्यासाठीं वाढत नाहीं. घरांतील तरुणानें वेगाची आवड अवश्य ठेवावी. पण ती पायाच्या अंगठ्यांत न ठेवतां कागद-पेन्सिलींत ठेवावी. गाडी जोरानें हांकणारे पुष्कळ झाले. ती आंखणारा एखादा जरी डोंगरकड्यासारख्या गांवांतून निघाला, तरी रेसमोवर झालेली मेहनत वायां गेली असें कोणास म्हणतां येणार नाहीं.