औषध पिणारी नळी

एक्मो हे नाव मराठी घरांत पोचलं ते २०१६ साली जयललिता आणि २०२० साली एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्या आजारपणाच्या बातम्यांमधून. संपादकांनी या यंत्रावर लिहायला सांगितलं. रक्त शरीराबाहेर घ्यायचं, कृत्रिम फुप्फुसातून प्राणवायू द्यायचा, परत आत सोडायचं, हे त्याचं काम. १९७५ साली कॅलिफोर्नियात रॉबर्ट बार्टलेट यांनी एस्पेरान्झा नावाच्या नवजात बाळाला त्याच्या आधारावर वाचवलं, तिथून त्याचा पसारा वाढत गेला. मला मात्र पंपापेक्षा त्याच्या साध्या प्लास्टिकच्या नळीने खिळवून ठेवलं.

ब्रिस्बेनच्या किरण शेखर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाविना यंत्र जोडलं, त्यात माणसाचं रक्त फिरवलं आणि वेदना शमवणारी, गुंगी आणणारी व इतर औषधं सोडली. चोवीस तासांनी रक्तात फेंटानिल उरलं होतं जेमतेम ३ टक्के. यंत्राबाहेर भांड्यात ठेवलेल्या रक्तात ते ८२ टक्के होतं. मिडाझोलाम उरलं १३ टक्के. मॉर्फिन जवळजवळ सगळं शाबूत!

फेंटानिल, मिडाझोलाम ही स्निग्धप्रेमी औषधं. हळद जशी प्लास्टिकच्या डब्याला धरून बसते, तशी ती नळीला आणि कृत्रिम फुप्फुसातल्या पडद्याला चिकटतात. मॉर्फिन पाण्यात रमणारं, म्हणून ते रक्ताबरोबर फिरत राहतं.

मग फेंटानिल वाढवावं, की मॉर्फिनच द्यावं? इथूनच अडचणी सुरू होतात. गुंगी कमी पडली तर रुग्ण अस्वस्थ होतो, रक्तवाहिन्यांतल्या नळ्या ओढल्या जाण्याचा धोका असतो. डोस वाढवला आणि प्लास्टिकवरची जागा भरली, की तोच डोस जड होऊ शकतो. यंत्राची नळी बदलली की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. मॉर्फिन दिलं आणि किडनी थकलेली असली, तर त्याचे घटक शरीरात साचतात. वर डायलिसिस लावलं, की पाण्यात विरघळणारी कितीतरी अँटिबायोटिक्स धुऊन निघतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या अँटिबायोटिक्सची. गुंगी उतरलेली सिस्टरच्या नजरेला दिसते; अँटिबायोटिक कमी पडलेलं दिसत नाही. त्याच प्रयोगात मेरोपेनेम हे अँटिबायोटिक २० टक्के उरलं होतं, पण भांड्यातही ते ४२ टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे सगळा दोष नळीचा नाही. शिवाय जिवंत शरीरात किडनी कशी चालते यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून सरसकट डोस वाढवणं हे उत्तर नव्हे. रक्तातली पातळी मोजावीच लागते. व्हँकोमायसिनची पातळी बऱ्याच ठिकाणी मोजतात, मेरोपेनेमची क्वचितच. एक्मो विकत घेणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने या तपासणीची सोयही त्याच खर्चात धरली पाहिजे.