डिझाईनच्या कामासाठी पहिला संगणक : सुटे भाग कसे निवडावेत?

आपल्या सभासदांच्या घरांतील पुढची पिढी आता लग्नपत्रिका, मालाची लेबले, पिशव्यांवरील छपाईचे नमुने, दागिन्यांची चित्रे ही कामे स्वतः संगणकावर करू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. अशा कामासाठी सुटे भाग निवडून संगणक जोडून घेतल्यास पैसा कामाच्या जागी खर्च करता येतो व पुढे एखादा भाग निकामी झाला तर तेवढाच बदलता येतो. तथापि पहिल्या खरेदीतच भांडवलाचा मोठा हिस्सा चुकीच्या भागात अडकला, तर उमेदीने सुरू केलेला धंदा सुरुवातीसच खोळंबतो. सबब या विषयाचा थोडा खुलासा करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल जोयडा तालुक्यातील कुळगी हे गाव घेऊ. दांडेलीहून अंबिकानगरकडे जाताना लागणारे हे गाव काळी व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात आहे. वनखात्याच्या निसर्ग-शिबिरामुळे ते प्रवाशांना ठाऊक आहे. या भागात निवासगृहांची पत्रके, मध, मिरी, कोकम यांची लेबले अशी कामे सहज निघू शकतात. परंतु पावसाळा जबर, हवा दमट, आणि दुरुस्तीसाठी दांडेली, नाहीतर थेट हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते. जवळच नागझरीला काळी नदीच्या पाण्यावर वीज तयार होते खरी. पण तारेवर फांदी पडली की ती वीज घरात पोहोचत नाही. म्हणून शहरातील दुकानदाराची यादी येथे जशीच्या तशी चालणार नाही.

प्रथम काम कोणते ते ठरवावे. कोरलड्रॉ, फोटोशॉप अथवा विनामूल्य मिळणारे इंकस्केप व गिंप यांवर सपाट चित्रांचे काम करावयाचे असेल, तर महागड्या ग्राफिक्स कार्डाची गरज नाही. दागिन्यांचे त्रिमिती नमुने किंवा चलच्चित्रे करावयाची असतील तरच ते घ्यावे. नवशिक्याची फसगत बहुधा येथेच होते. खेळांसाठी बनविलेले चमकते कार्ड आधी घेतले जाते आणि पडद्यासाठी पैसे उरत नाहीत.

प्रोसेसर सहा कोअरचा असला तरी पुरे. मात्र चित्र दाखविण्याची सोय त्याच्यातच आहे ना, हे पाहून घ्यावे. इंटेलच्या ज्या नमुन्यांच्या नावाशेवटी ‘एफ’ असते त्यांत ही सोय नसते व निराळे कार्ड घेणे भाग पडते. स्वस्त म्हणून जुना संगणक घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असून विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर चालत नाही. मदरबोर्ड प्रोसेसरशी जुळणाराच हवा. डीडीआर ४ जातीची रॅम डीडीआर ५ च्या खाचेत बसत नाही.

रॅम किती घ्यावी, याचा हिशेब आपणच मांडता येतो. २४ इंच रुंद व ३६ इंच उंच भित्तिपत्रक इंचास ३०० ठिपके या मापाने केले, तर ७,२०० गुणिले १०,८००, म्हणजे सुमारे पावणेआठ कोटी ठिपके होतात. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्यास चार बाइट धरल्यास एकाच थरास ३११ मेगाबाइट लागतात. असे दहा थर झाले की तीन गिगाबाइट तेथेच संपले. म्हणून १६ गिगाबाइट ही किमान मर्यादा समजावी व पुढे वाढविण्यास खाच मोकळी ठेवावी. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर बरेच चढले. त्यामुळे आज पुरेशी घेऊन उरलेली सवडीने घेणे हेच व्यवहाराचे होय. साठवणीस ५०० गिगाबाइटची एसएसडी घ्यावी, आणि निराळ्या हार्ड डिस्कवर कामाची दुसरी प्रत न चुकता ठेवावी. खातेवहीची जशी काळजी घेतो, तशीच ही.

पडद्याच्या बाबतीत काटकसर करू नये. आयपीएस जातीचा, एसआरजीबी रंगपट्टा जवळजवळ पूर्ण दाखविणारा २४ इंची पडदा घ्यावा. हलक्या पडद्यावर मान वळविली की रंग बदलतो. पडदा प्रकाशाने रंग दाखवितो, छापखाना शाईने. त्यामुळे पडद्यावरील झगझगीत हिरवा वा नारिंगी रंग कागदावर तसा उतरत नाही. गिऱ्हाइकास छापील नमुना दाखवूनच संमती घ्यावी. एक हजार लेबले फिकी निघाली, तर नुकसान आपलेच.

कुळगीसारख्या ठिकाणी खरा पहारेकरी म्हणजे वीजपुरवठ्याचा भाग. निराळे कार्ड नसल्यास ‘८० प्लस’ शिक्क्याचा ४५० वॅटचा चांगला एसएमपीएस पुरतो. त्याच्या जोडीस दाब सांभाळणारा यूपीएस हवाच. तो तासन्तास काम करण्यासाठी नसून काम जतन करून यंत्र शिस्तीने बंद करण्यापुरती मिनिटे देण्यासाठी असतो. अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे. ते नसल्यास बाकीची खबरदारी निम्मी वाया जाते. विजा कडाडू लागल्या की प्लग काढावा. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवावे, म्हणजे आतील उबेने ओल धरत नाही. पेटी भिंतीस चिकटवून ठेवू नये, आणि मुंग्या-पाली आत शिरू नयेत म्हणून तिच्या झरोक्यांस जाळी असावी.

या सीमाभागात एकाच लेबलावर कन्नड, मराठी व इंग्रजी मजकूर येतो. त्यासाठी युनिकोड टंक वापरावेत. जुन्या पद्धतीच्या टंकातील मजकूर, तो टंक नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरांत दिसतो व छापखान्यात घोटाळा होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा देवनागरी टंक विनामूल्य मिळतो. तिच्याच ‘बालू’ मालेत कन्नड टंकही आहे.

खर्चाची वाटणी आपल्या जुन्या हिशेबाने सांगावयाची तर रुपयातील सोळा आण्यांपैकी पाच आणे प्रोसेसर व मदरबोर्डवर, चार आणे पडद्यावर, चार आणे रॅम व साठवणीवर, आणि तीन आणे वीज-रक्षण व पेटीवर खर्चावेत. खरेदी पक्क्या बिलानेच करावी. बिलावर पेढीचा जीएसटी क्रमांक व प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरील कराचा परतावा नोंदणीकृत व्यापाऱ्यास नियमानुसार वजा करून मिळतो, आणि हमीच्या काळात बिघाड झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

सारांश, गिऱ्हाइकास जे दिसते आणि केलेले काम जे वाचविते, त्यावर आधी खर्च करावा. शोभेच्या गोष्टींना पुढे वेळ आहे. या क्रमाने घेतलेले साधे यंत्रही मुलामुलींच्या हाती निर्वेधपणे चालेल, आणि दुसऱ्या यंत्राचे भांडवल त्याच्याच कमाईतून उभे राहील, असा आम्हांस भरवसा वाटतो.