लिंबूटिंबूसकट डाव

लगोरीचा डाव मांडायचा तर आधी भिडू वाटून घ्यावे लागतात. पटांगणात जमलेल्या सहा ते दहा वर्षांच्या पोरांतून दोन गडी पुढे होतात. बाकीचे आपापल्या तोलाचा जोडीदार गाठतात, गळ्यात हात टाकून लांब जातात, कानात कुजबुजून नावं ठरवतात आणि परत येऊन विचारतात, "गुलाब हवा की मोगरा?" गुलाब कोण, हे मागून झाल्यावरच कळतं. त्यामुळे पक्का नेम असलेली दोघं सहसा एका बाजूला जात नाहीत आणि 'हा नको' असं कुणाला तोंडावर ऐकावं लागत नाही. माणसांची वाटणी करण्याची इतकी समंजस रीत मोठ्यांच्या कचेऱ्यांत क्वचितच दिसते.

मग प्रश्न येतो ताईचा फ्रॉक धरून आलेल्या चार वर्षांच्या धाकट्याचा.

"तो लिंबूटिंबू," ताई जाहीर करते. कुणी हरकत घेत नाही. चेंडू लागला तरी तो बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. पण सात चपट्या दगडांतला एखादा त्याने उचलून आणला तर तो रचला जातो. पळताना मोठी पोरं त्याला वळसा घालतात. उद्याचा भिडू असा आजच तयार होत असतो.

पाठीवरचं भावंड ही पोरींची खरीखुरी जबाबदारी असते. १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू करून पुढे कोसबाडला गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे नेमकं हेरलं. धाकट्याला सांभाळायचं म्हणून मोठी शाळेला मुकत होती. तिला दोष न देता त्यांनी विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली.

डावात भांडण होतंच. "लागला!" "नाही लागला!" इथे पंच नाही. आवाज चढतात, एकजण "मी नाही खेळत जा" म्हणत चपला शोधू लागतो. अशा वेळी ताई दोन्हीकडचं ऐकते आणि म्हणते, "बरं, परत टाक." तिला जिंकायचं असतंच, पण भिडू गेले तर डावच मोडेल, हे तिला पक्कं ठाऊक असतं. खेळात कुणालाही थांबवून ठेवता येत नाही. पगार नाही, हजेरी नाही. राजीखुशीवरच सगळं चालतं. म्हणून दांडगाई करणाऱ्याचं राज्य फार टिकत नाही.

स्वित्झर्लंडमधले मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे गोट्या खेळणाऱ्या मुलांना नियमांविषयी खोदून खोदून विचारत. १९३२ सालच्या त्यांच्या पुस्तकात ते आलं आहे. लहानग्यांना नियम थोरांनी घालून दिलेला, अढळ वाटतो. दहा-अकराच्या सुमाराला कळू लागतं की सगळ्यांनी ठरवलं तर तो बदलता येतो. मात्र सगळ्यांनी.

तिन्हीसांजेला एकीला घरून हाक येते आणि एक बाजू कमी पडते. ताई आपल्याकडचा चांगला नेमबाज तिकडे देते, धाकट्याला जवळ ओढते आणि दगड पुन्हा रचायला बसते.