खोक्यातल्या हवेचेही भाडे!

मुरुमहून पुण्याला दोन पार्सले पाठवायची आहेत असे समजा. एकात ६ किलो तूरडाळ आहे, दुसऱ्यात २ किलो कुरडया. जास्त भाडे कोणत्या पार्सलाला पडेल? ‘डाळीच्या’ असे तुम्ही चटकन म्हणाल. पण पुष्कळ कुरिअर कंपन्यांच्या हिशेबाने दोन्हींचे भाडे सारखेच होऊ शकते. ते कसे, पाहू या.

कोणत्याही वाहनाला दोन मर्यादा असतात: वजनाची आणि जागेची. ट्रकमध्ये लोखंडी सळ्या भरल्या तर वजनाची मर्यादा आधी गाठली जाते, जागा मात्र उरते. मोकळा कापूस भरला तर जागा आधी संपते. म्हणूनच सरकी काढलेली रुई यंत्राने दाबून तिच्या साधारण १७० किलोच्या गाठी बांधतात.

हलक्या पण मोठ्या पार्सलाने अडवलेल्या जागेचे मोल वसूल व्हावे, यासाठी ‘आकारमानी वजन’ काढतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५००० ने भागायचे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. हे वजन आणि काट्यावरचे वजन, यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे.

डाळीचे खोके २५ × २० × २० सेंमी. आहे. त्याचे आकारमानी वजन २ किलो. म्हणून भाडे खऱ्या ६ किलोंचे. कुरडया दाबल्या तर मोडतात, त्यांना ४० × ३० × २५ सेंमी. खोके लागले. गुणाकार ३०,०००, आकारमानी वजन ६ किलो! म्हणजे ४ किलोंचे भाडे मुख्यतः हवेचे.

आता ५००० या आकड्याकडे नीट पाहा. ५००० घन सेंमी.मागे १ किलो, म्हणजे घनता दर घन सेंमी.ला ०.२ ग्रॅम, पाण्याच्या एकपंचमांश. पार्सलाची सरासरी घनता याहून कमी असली की भाडे आकारमानाने ठरते. जहाजाने सुटा माल पाठवताना बहुधा १ घनमीटर किंवा १ टन, यांतले जास्त धरतात. तेथे सीमारेषा थेट पाण्याच्या घनतेची!

याचा उपयोग काय? कुरडया नीट रचून खोक्याची उंची ५ सेंमी.ने कमी केली, तर आकारमानी वजन ४.८ किलोंवर येते. घरगुती पदार्थ विकणाऱ्या कुटुंबाला ही बचत प्रत्येक पार्सलामागे मिळते. उलट, खोक्याची प्रत्येक बाजू दुप्पट केली तर आकारमान आठपट होते.

घरातले एखादे रिकामे खोके घ्या, पट्टीने मोजा आणि सांगा: त्यात किती किलो माल भरला म्हणजे हवेचे भाडे द्यावे लागणार नाही?