जळालेल्या फिती

पुस्तक वाचताना एखादे वाक्य समजले नाही, तर पान उलटून ते पुन्हा वाचता येते. चित्रपटाच्या अभ्यासकाला ही सोय पुष्कळ वर्षे नव्हती. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रे सरकून जात. दोन तासांच्या चित्रपटात त्यांची संख्या १,७२,८०० भरते! पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुने चित्रपट जपले जाऊ लागले. परंतु फीत यंत्रावर चढविली, की तिच्यावर ओरखडे पडण्याचे भय असेच. अभ्यासाने अभ्यासाचीच वस्तू झिजावी, अशी ही अडचण होती.

त्यात फीत मोठी नाजूक. जुन्या काळची नायट्रेटची फीत तर कापरासारखी पेट घेई. 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट १९३१ साली प्रदर्शित झाला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ज्याने भारतीय पडद्याला वाचा दिली, त्याचा स्वतःचा आवाज मात्र आता कोणाच्याही कानी पडत नाही.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली' या १९५५ सालच्या बंगाली चित्रपटावरही असाच प्रसंग ओढवला होता. अपू नावाच्या मुलाच्या जीवनावर राय यांनी तीन चित्रपट काढले. त्यांच्या मूळ फिती लंडनमधील एका प्रयोगशाळेत असताना १९९३ साली तेथे आग लागली. पुष्कळ फिती होरपळल्या, आक्रसल्या. उरलेले तुकडे अमेरिकेत जपून ठेवण्यात आले. त्यांचा काही उपयोग होईल, असे त्या वेळी कोणास वाटले नसेल.

वीस वर्षांनी ते तुकडे इटलीतील बोलोन्या शहरी गेले. तेथील कारागिरांनी जवळजवळ एक हजार तास खपून, फितीच्या कडांची तुटलेली छिद्रे हातांनी सांधली. मग डिजिटल यंत्राने एकेक चित्र टिपले. हे यंत्र चित्राचे लक्षावधी सूक्ष्म बिंदू पाडते आणि प्रत्येक बिंदूचा उजेड आकड्यांत नोंदविते. आकड्यांवर ओरखडा पडत नाही! 'पथेर पांचाली'च्या मूळ फितीचा सुमारे चाळीस टक्के भाग अशा रीतीने कामी आला. उरलेला अन्य प्रतींवरून घेतला. चित्रांवरील धूळ संगणकाने पुसली. मात्र धुळीचा कण कोणता आणि पावसाचा थेंब कोणता, हे यंत्राला नेहमीच कळते असे नाही. तेथे माणसाचीच नजर लागते. २०१५ साली तिन्ही चित्रपट न्यूयॉर्क येथे पुन्हा पडद्यावर आले.

आता अपू व दुर्गा काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांतून आगगाडी पाहावयास जातात, ते दृश्य अभ्यासकाला हवे तेथे थांबविता येते. कोणते चित्र किती सेकंद टिकले, हे मोजता येते. दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. (या दृश्याचे चित्रीकरण अर्धे राहिले असता गुरांनी ते तुरेच खाऊन टाकले आणि राय यांना पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले, ही गोष्टही प्रसिद्ध आहे.)

दूरचित्रवाणीच्या अभ्यासकांचे दुःख याहून निराळे. चुंबकीय फीत महाग असल्याने जगातील अनेक केंद्रांत जुना कार्यक्रम पुसून तिच्यावरच नवा उतरवीत. पुसलेले पुन्हा मिळविणे डिजिटल यंत्रालाही साधत नाही. आकड्यांनाही काळजी लागतेच. साठवणुकीची साधने जुनी होतात, आणि काही वर्षांनी सर्व नोंदी नव्या साधनांवर उतरवाव्या लागतात. म्हणूनच चित्रपट संगणकात उतरविल्यानंतरही संग्रहालये मूळ फीत टाकून देत नाहीत; ती थंड, कोरड्या कोठारात पुन्हा जपून ठेवतात.